गोपाल झाडे आणि खिडकीजवळची खुर्ची

वडनेरच्या बस स्टँडसमोर तानबा झाड्यांचं घर होतं. दोन खोल्या आणि पुढे ओटा. लहानपणी गोपाल त्या ओट्यावर बसून एसटीतून उतरणारी माणसं पाहायचा आणि कोण कुठून आलं, कशाला आलं, याचे अंदाज बांधायचा. या बुढ्याच्या थैलीत एक्स-रे हाये, म्हणजे सेवाग्रामच्या दवाखान्यातून आला. ही बाई आता रडून नाई राह्यली, पण रडून आली हाये. एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण तो ओट्यावरून उडी मारून धावत जायचा आणि त्या बाईला विचारायचा, "काऊन रडली व मावशी?" तानबा हसायचा. आई यशोदाबाई मात्र कान धरून त्याला घरात आणायची.

मोठेपणी ही खोड गेली नाही, फक्त तिला बसायला जागा मिळाली. गोपाल हिंगणघाटला शिकला, बी.ए. झाला, दोन-चार वर्षं इकडेतिकडे केली आणि कापड लाईनीमागच्या जुन्या वाचनालयात शिपाई म्हणून लागला. ग्रंथालयाची परीक्षा दिली. जुने ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर त्यांच्या टेबलावर बसू लागला. लग्नाचं दोन-तीनदा जमता जमता राहिलं, मग त्यानेच विषय सोडला. तानबा वारला. घरी तो आणि यशोदाबाई. सकाळच्या गाडीने हिंगणघाट, रात्रीच्या गाडीने वडनेर, असं करत त्याची पंचेचाळिशी उलटली.

वाचनालय पहिल्या मजल्यावर होतं. एक लांब हॉल, भिंतीला लोखंडी कपाटं, मधोमध वर्तमानपत्रांचं मोठं टेबल आणि रस्त्याकडच्या खिडकीपाशी बायकांसाठी एक लहान टेबल. पुस्तकं नेणारे कमी झाले होते, पण रोज येऊन बसणारे टिकून होते. त्यांची नावंगावंच काय, कोणाला कोणता पंखा सोसत नाही हेसुद्धा गोपालला ठाऊक होतं. लाकडाच्या टालावरचा एक मुनीम फक्त लढायांची पुस्तकं काढायचा आणि तोफा सुटायच्या आत झोपी जायचा. एक तरुण गडी वैद्यकीचं एकच पुस्तक मागायचा, किडनीच्या पानापाशी थांबायचा. तो कोणासाठी वाचतो हे गोपालने आठ दिवसांत काढून घेतलं होतं. बायकोसाठी.

या चौकशीत त्याचा जोडीदार होता मधुकरराव, निवृत्त पोस्टमास्तर. वर्तमानपत्राच्या नावापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचून झालं की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि गोपालच्या टेबलाशी यायचे. "का म्हणते आपली मंडळी?" असं त्यांनी विचारलं की गोपाल हळू आवाजात एकेकाचं सांगायचा. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. दोघांच्याही घरी बोलायला फारसं कोणी नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर शकुबाई चिंतावार वाचनालयात यायला लागल्या. वय अठ्ठावन्नच्या आसपास, अंगावर चांगलं लुगडं, पायात साध्या चपला. रोज चारला पाच मिनिटं कमी असताना जिना चढायच्या, मांडणीवरून एक दिवाळी अंक उचलायच्या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि पाचला उठून जायच्या. महिनाभरात गोपालच्या लक्षात आलं की अंक तोच आहे. आणखी पंधरा दिवसांनी लक्षात आलं की पानही तेच आहे.

झालं, त्याला दुसरं काही सुचेना. डोळ्याचं काही असेल म्हणून त्याने मोठ्या टायपाचं पुस्तक नेऊन दिलं. "असू द्या जी, हेच बरं हाये," त्या म्हणाल्या. सुनेशी भांडण असेल म्हणावं, तर चेहऱ्यावर राग नव्हता. कोणी वारलं असेल म्हणावं, तर कधीकधी त्यांच्या ओठांवर किंचित हसू दिसायचं. मधुकररावांनी एवढं सांगितलं की हे किराणा लाईनीतल्या बापूजी चिंतावारांचं घर, होलसेलचं दुकान, मुलगा धनंजय हैदराबादला नोकरीत, मुलगीही होती एक. "पण घरात पाच खोल्या असताना बाई इथी काऊन येऊन बसते, ते नाई समजून राह्यलं," ते म्हणाले.

गोपालने हे घरी यशोदाबाईला सांगितलं. म्हातारी अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "बाईमाणूस घडीभर बसाले जागा शोधते, तं तुह्या पोटात काऊन दुखते? बसू दे तिले."

त्याने बसू दिलं. पण नजर काही हटवली नाही.

चैत्र सुरू झाला, ऊन तापलं. त्या दिवशी वाचनालयात कूलरचा आवाज तेवढा होता. टालावरचा मुनीम झोपला होता. शकुबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि एकाएकी मोठ्याने म्हणाल्या, "चार वाजता का कुरडया घालत असतेत?"

गोपालने वही खाली ठेवली. त्या कोणाशीच बोलत नव्हत्या. "उन्ह उतरलं आता," त्या पुढे म्हणाल्या, "रातभर ओल्याच राह्यतीन. अन् चीकही कच्चा हाये. पाहा, कशा तुटून राह्यल्या."

तो खिडकीपाशी गेला. रस्त्यापलीकडच्या इमारतीचा स्लॅब बरोबर समोर येत होता. तिथे एक तरुण बाई प्लॅस्टिकच्या कागदावर सोऱ्या दाबत बसली होती आणि दीड-दोन वर्षांची एक पोर शेजारी बसून ओल्या कुरडईत बोटं घालत होती.

"कोन हाये जी ते?" गोपालने विचारलं.

शकुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आपण मोठ्याने बोललो हे त्यांना तेव्हा कळलं असावं. अंक मिटून त्यांनी त्यावर दोन्ही हात ठेवले.

"माही काजल," त्या म्हणाल्या. "अन् ते तिचं लेकरू."

मग त्यांनी जे सांगितलं ते पाच-सात वाक्यांत संपलं. काजलने दुकानासमोर वायरिंगचं काम करणाऱ्या निकेशशी लग्न केलं. मुलगा चांगला, पण जातीबाहेरचा. बापूजींनी तिचं नाव टाकलं आणि बायकोला देवासमोर उभं करून, तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, काजलशी बोलणार नाही, भेटणार नाही, फोन करणार नाही. तीन वर्षं झाली. लेकरू झालं तेही शकुबाईंना दुकानातल्या हमालाकडून कळलं. ती कुठे राहते तेही त्यानेच सांगितलं, आणि समोर वाचनालय आहे हेही.

"शपथ मोडली नाई मी," शकुबाई म्हणाल्या. "बोलाची होती, भेटाची होती. पाहाची नोयती."

गोपालने पुन्हा समोरच्या स्लॅबकडे पाहिलं. तो म्हणाला, "मंग तिले माहीत हाये का, तुम्ही इथी बसता ते?"

"तिले कसं माहीत असन? ती आपल्या कामात असते." त्या उठल्या. जिन्यापाशी गेल्या आणि परत फिरल्या. "झाडेभाऊ, हे तुमच्यापाशीच राहू द्या. घरी वाटते का मी देवळात जातो."

"तुम्ही काळजीच नका करू, ताई," गोपाल म्हणाला. आणि त्या क्षणी ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

अकरा दिवस त्याने ते सांभाळलं. चार वाजायच्या आधी तो स्वतः खिडकीची काच पुसून ठेवू लागला. शकुबाईही आता त्याच्याशी थोडं बोलायच्या. पोरीचे केस बारीक कापायला पाहिजेत, उन्हात तिच्या डोक्याला काही बांधत नाहीत, असं. गोपाल खुश होता. एवढ्या वर्षांत इतक्या लोकांचं इतकं काढून घेतलं, पण असं आपणहून कोणी काही हाती दिलं नव्हतं. तेच त्याला पेलवलं नाही. बाराव्या दिवशी मधुकरराव चष्मा कपाळावर चढवून टेबलाशी आले आणि म्हणाले, "का रे, लागला का त्या बाईचा पत्ता?" गोपाल आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "कोनाले सांगसान नाई तं सांगतो."

मधुकररावांच्या डोळ्यात पाणी आलं. बराच वेळ ते खिडकीकडे पाहत राहिले. त्यांनी ते खरंच कोणाला सांगितलं नाही. वैशाखात एका लग्नात बापूजी चिंतावार जेवायला त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आले, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. जुनी ओळख होती, वयाने मधुकरराव मोठे होते, आणि आपल्या एका शब्दाने तुटलेलं घर जुळेल असं त्यांना वाटलं. "बापूजी," ते म्हणाले, "आता राग सोडा. तुमच्या घरची माउली नातीले पाहाले रोज वाचनालयात येऊन बसते. पाहवत नाई जी."

बापूजींनी मान हलवली, ताटातलं संपवलं, हात धुतले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शकुबाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला बापूजी स्वतः जिना चढून आले. जाडे, साखरेच्या त्रासाने थकलेले गृहस्थ होते. चढताना दोनदा थांबले. गोपाल उभा राहिला. त्याला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "कोनती खुर्ची?"

गोपालने दाखवली. बापूजी तिच्यात बसले. बाहेर पाहिलं. स्लॅबवर दोरीला कपडे होते, लहान झबली, एक निळा दुपट्टा. माणूस कोणी नव्हतं. पाच-एक मिनिटं ते तसेच बसून राहिले. हॉलमधले सगळे मान खाली घालून वाचत होते, पण पान कोणाचंच उलटत नव्हतं. गोपालला एकदा वाटलं की काजल आता पोरीला घेऊन बाहेर आली तर बरं, आणि लगेच वाटलं की न आली तर बरं. ती आली नाही. बापूजी गुडघ्यावर हात टेकून उठले.

"तिचं नाव कापा रजिस्टरातून," ते म्हणाले. "पाचपन्नास लोकाईले माहीत असन हे, अन् मले पंगतीत समजते."

"पाचपन्नास नाई जी, फक्त..." गोपाल बोलायला गेला आणि थांबला.

"फक्त कोन?" बापूजींनी विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. कठडा धरून ते खाली उतरले.

आठवड्याभरात कळलं की शकुबाईंना धनंजयकडे हैदराबादला पाठवलं आहे. मधुकररावांनी ते कानावर आल्यावर वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणाले, "मी तं भल्यासाठीच बोललो होतो, गोपाल." गोपाल म्हणाला, "मीही." त्यानंतर मधुकरराव यायचे, वाचायचे, पण टेबलाशी यायचं त्यांनी सोडलं. गोपालनेही कोणाला काही विचारणं बंद केलं. किडनीचं पुस्तक वाचणारा तो तरुण एक दिवस यायचा थांबला, तर गोपालने त्याच्या गल्लीतल्या माणसाकडेही चौकशी केली नाही. पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

आषाढात एका दुपारी काजल आली. पोर कडेवर होती. दारात चपला काढून ती आत आली आणि गोपालसमोर उभी राहिली.

"इथी खिडकीपाशी एक बाई बसत होत्या," ती म्हणाली. "त्या आता काऊन येत नाई?"

गोपाल उठून उभा राहिला. "तुले माहीत होतं?"

"संक्रांतीले एक पतंग काटून तुमच्या खिडकीत अटकली होती. तिकडं पाह्यलं तं आई. मले पाहून तिनं पुस्तक तोंडासमोर धरलं." काजलने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मंग मी रोज चारले हिले घेऊन बाहेर याले लागली. कधी कपडे वाळू घालाले, कधी भाजी निवडाले. तिनं शपथ घेतली होती, मले माहीत हाये. मी गेली असती तं तिची मोडली असती. म्हणून म्हटलं, आपणहून आली तं येईन."

"अन् त्या कुरडया?" गोपालने विचारलं. त्याला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

काजल पहिल्यांदा थोडी हसली. "माह्या आईच्या कुरडया मोहल्ल्यात नावाजलेल्या. मले का चीक शिजवता येत नाई? मुद्दाम कच्चा ठेवला, मुद्दाम चारले घातल्या. मले वाटलं, एवढ्या खराब कुरडया पाहून तरी तिच्यानं राहवणार नाई. वरतं येईन, सोऱ्या हातातून ओढन. बोलाचं तं नाई, पण सोऱ्या ओढाले का बोला लागते?"

ती खिडकीशी गेली. खुर्चीत बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि आपल्याच स्लॅबकडे पाहत राहिली. पोर काचेवर हात आपटत होती. गोपाल तिच्यामागे उभा होता. तो म्हणाला, "मीच सांगितलं एकाले. तुह्या आईनं सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगितलं. त्याईच्याकडून तुह्या बाबाले समजलं. तिले हैदराबादले पाठवून देलं."

काजलने वळून पाहिलं. तिला राग आला असता तर त्याला सोसलं असतं.

"काऊन सांगितलं जी?" तिने विचारलं.

तो काचेवरचे पोरीच्या बोटांचे ठसे पुसू लागला. तिने पोरीच्या पायातली निसटलेली चप्पल नीट केली आणि गेली. पोळ्याच्या सुमारास समोरच्या स्लॅबवर दुसऱ्याच कोणाचे कपडे दिसायला लागले. निकेशला बुटीबोरीच्या कुठल्याशा कारखान्यात काम लागलं, असं खालचा पानठेलेवाला कोणाला तरी सांगत होता, ते गोपालच्या कानावर पडलं. त्याने पुढे विचारलं नाही.

गेल्या पौषात, भाजीबाजारात, तो आंबाडीची जुडी घेत होता आणि समोर शकुबाई उभ्या. सोबत दुकानातला एक माणूस होता, तो पुढे वांग्याच्या ढिगापाशी भाव करत होता. बापूजींचा पाय साखरेने चिघळला म्हणून शकुबाईंना हैदराबादहून परत आणलं होतं, असं नंतर कळलं. त्या खूप वाळल्या होत्या. गोपालला पाहून त्यांनी मान फिरवली नाही. हात जोडले.

"बरे हा ना, झाडेभाऊ?"

त्याला पायाच पडायचं होतं, पण बाजार होता. तो म्हणाला, "ताई, माह्यामुळं झालं ते. मीच बोललो."

"माहीत हाये," त्या म्हणाल्या. "तुमच्याशिवाय कोनाले मी सांगितलं होतं?"

त्यांचा माणूस वांगी तोलून घेत होता. गोपाल घाईघाईने बोलू लागला. काजल येऊन गेली, तिला संक्रांतीपासून माहीत होतं, ती रोज चारला मुद्दाम बाहेर यायची, चीक मुद्दाम कच्चा ठेवला होता. शकुबाई ऐकत होत्या. हातातल्या पिशवीचे बंद त्या बोटांना गुंडाळत आणि सोडवत होत्या.

"मुद्दाम?" त्या म्हणाल्या.

"हो. तुम्ही येऊन सोऱ्या ओढसान म्हणून."

"मले वाटलं, माही पोट्टी कुरडया करणं विसरली. मनात लय बोल लावला तिले." त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग अगदी हळू विचारलं, "आता कुठी राह्यते ती?"

आयुष्यभर ज्याने ज्याला-त्याला गाव, घर, गल्ली विचारली, त्या गोपालने काजलचा पत्ता विचारला नव्हता. नंबर विचारला नव्हता. पानठेलेवाल्याला कारखान्याचं नावही विचारलं नव्हतं.

"बुटीबोरीकडे गेली म्हणतेत," तो म्हणाला.

"बुटीबोरी लय मोठी हाये जी," शकुबाई म्हणाल्या. तेवढ्यात माणूस परत आला. त्यांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघं गर्दीतून किराणा लाईनीकडे निघाले.

पुढच्या रविवारी गोपाल बुटीबोरीला गेला. पानठेला तोवर उठला होता, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं. कारखान्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा होत्या, त्यांतल्या दोन त्याने पालथ्या घातल्या. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला एका खोलीवाल्या बाईने सांगितलं की निकेश नावाचा वायरिंगवाला होता खरा, बायको होती, लहान पोरगी होती, पण चार महिन्यांआधी ते पुण्याकडे गेले. तोच का, हे तिला सांगता येईना. तिच्याकडे एक मोबाईल नंबर होता. गोपालने लावून पाहिला, तो बंद होता. तरी त्याने लिहून घेतला.

सोमवारी वाचनालय उघडायच्या आधी तो कागद घेऊन किराणा लाईनीत गेला. चिंतावारांच्या दुकानाला कुलूप होतं. वरचा बोर्ड उतरवून भिंतीला उलटा टेकवून ठेवला होता. शेजारच्या दुकानातला पोऱ्या म्हणाला, शेठचा पाय कापावा लागला, मुलगा येऊन दोघांनाही हैदराबादला घेऊन गेला, जागा विकायला काढली आहे.

"तिथला पत्ता हाये का कोनापाशी?" गोपालने विचारलं.

"नाई जी," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. गोपाल पुढच्या दुकानात विचारायला गेला.